जनूदादांचा कान

मोटारीची चावी फिरवली की समोर तेलाच्या बुधलीचं चित्र असलेला लाल दिवा लागतो आणि इंजिन सुरू झालं की विझतो. माझ्या गाडीत तो विझायला दीड सेकंद लागतो, थंडीत दोन. हे मोजायची सवय मला जनार्दन मेहेर यांनी लावली. उमरोळी फाट्यावर त्यांचं गॅरेज होतं, आणि सगळे त्यांना जनूदादा म्हणत. गेल्या पावसाळ्यात ते गेले. सातपाटीला अंत्ययात्रेला बरीच माणसं होती, त्यांतल्या निम्म्यांची तरी इंजिनं त्यांनी दुरुस्त करून दिलेली. मीही होतो. त्यांच्याबद्दल मला जे सांगायचं आहे ते तिथे कुणाला सांगितलं नाही, म्हणून इथे लिहितो.

मी बोईसरला राहतो. तारापूरच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत कामाला आहे. मालाचे नमुने तोलणं, मोजणं, आकडे लिहिणं हे माझं काम. यंत्रांतलं मला काही कळत नव्हतं.

नऊ वर्षांपूर्वी पालघरहून येताना उमरोळी फाट्याजवळ माझ्या गाडीचं चाक पंक्चर झालं. पंक्चरवाल्याने चाक बसवून दिलं. मी गाडी सुरू केली, तोच वीसेक पावलांवर भेंडीच्या मोठ्या, सावलीच्या झाडाखाली खाटेवर बसलेला एक माणूस ओरडला,

"सायेब, बंद करा ती!"

मला वाटलं चाकाचं काही राहिलं. मी गाडी बंद केली. तो उठून आला. उंच, काळासावळा, खाकी हाफपँट आणि बनियन. हात तेलाने माखलेले आणि कपाळ मात्र स्वच्छ. हेच जनूदादा.

"आता नुसती चावी फिरवा. चालू नका करू."

मी फिरवली.

"तेलाचा दिवा कुठं हाय?"

दिवा लागलाच नव्हता. मी म्हणालो, "तो मधेमधे लुकलुकायचा. एका गॅरेजवाल्याने सांगितलं की सेन्सर खराब आहे, काळजी करू नका. त्यानंतर बंद झाला."

"बंद नाय झाला. त्यानं वायर काढली. दिवा बोलत व्हता, त्याचं तोंड बांधलं." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "घरात पोर रडतंय म्हणून त्याच्या तोंडात बोळा कोंबाल काय?"

बोईसर तिथून फार तर सात किलोमीटर. मी म्हटलं, हळूहळू जातो. ते म्हणाले, "जा. इंजिन माझं नाय." आणि जाऊन खाटेवर बसले. पाच मिनिटांनी मी गाडी ढकलत त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेली. पंक्चरवाला हसत होता. बहुधा रोजचंच असावं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. काम उघडून दाखवल्याशिवाय ते करत नसत. इंजिनाच्या तळाशी पत्र्याचं एक भांडं असतं, त्यात तेल साठतं. मेकॅनिक त्याला चेंबर म्हणतात. तेलाचा पंप एका जाळीतून ते तेल ओढतो आणि इंजिनाच्या प्रत्येक फिरत्या भागाला पोचवतो. माझ्या गाडीची ती जाळी निळ्या रबरासारख्या तुकड्यांनी भरली होती. आधीच्या माणसाने चेंबर बसवताना गळू नये म्हणून सांध्याला चिकट सोल्युशन सढळ हाताने लावलं होतं. ते आतल्या बाजूला दाबलं गेलं, वाळलं, तुटलं आणि जाळीत जाऊन बसलं.

"चांगल्यासाठीच केलं त्यानं," दादा म्हणाले. "जास्त चांगल्यासाठी केलं. पंप बिचारा दम लावतोय, पण घशातच बोळा."

मग त्यांनी पंप खोलला. आतल्या दोन चकत्यांमधल्या फटीत मोजायची पातळ पाती घातली आणि पातीवरचा आकडा माझ्यापुढे धरला. त्यांचा चष्मा कधीच जागेवर नसायचा.

"किती?"

"शून्य पॉइंट एकोणीस."

"म्हणजे वीस."

"नाही, एकोणीस."

"एकानं काय व्हतंय?"

"एकोणीस आहे तर वीस कसं म्हणायचं?"

त्यांनी हातातली पाती खाली ठेवली आणि पंक्चरवाल्याला हाक मारली. "अरे, इकडं ये, बघ कोण आलेत. दशांशसायेब!"

त्या दिवसापासून माझं नाव तेच. नऊ वर्षांत त्यांनी मला माझ्या खऱ्या नावाने एकदाही हाक मारली नाही. मला वाटतं, त्यांना ते ठाऊकही नसावं.

ते मूळचे सातपाटीचे, होडीवरचे. लग्नानंतरही बरीच वर्षं मच्छीमारी बोटींवर इंजिन सांभाळायला जात. उघड्या डिझेल इंजिनाशेजारी चार-चार दिवस बसायचं, तिथेच जेवायचं, तिथेच डोळा लागायचा. तेलाच्या पंपाबद्दलचा त्यांचा कडवेपणा तिथला. "रस्त्यावर गाडीला कडा हाय," ते म्हणत. "दिवा लागला, कडेला घेतली, बंद केली. समुद्राला कडा नाय. तिथं पंप गेला की इंजिन गेलं, आणि इंजिन गेलं की तुमी लाकडाचा ओंडका."

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. पंप म्हणजे घरातली बाई, दिसत नाय, कोण विचारत नाय, एक दिवस झोपली की सगळं घर थांबलं. हे ते एकदा वहिनींसमोर, म्हणजे त्यांच्या बायकोसमोर, बोलले. वहिनी पालघरच्या बाजारात मासळी विकतात आणि संध्याकाळी घरी जाताना कधी गॅरेजवर थांबायच्या. त्या टोपली उतरवत म्हणाल्या, "मग पंपाला कदी विचारलंत काय, जेवलीस काय म्हणून?" दादा पाना शोधायच्या निमित्ताने शेडमागे गेले.

नवा पंप ते तसाच कधी बसवत नसत. आधी स्वच्छ डिझेलमध्ये धुवायचा, मग त्यात तेल ओतून हाताने फिरवायचा, दुसऱ्या भोकातून तेल बाहेर येईपर्यंत. "थुंकला पायजे," ते म्हणत. कोरडा पंप हवा ओढतो, तेल ओढत नाही, आणि तेवढ्या वेळात आतली बेरिंगं घासली जातात. पंप बसल्यावरही इंजिन लगेच पेटवायचं नाही. पेट्रोल तोडून नुसतं स्टार्टरवर फिरवायचं, लाल दिवा विझेपर्यंत. या वेळी गाडीच्या मालकाने समोर उभं राहून मोठ्याने आकडे मोजायचे, असा त्यांचा नियम होता. दहापर्यंत मोजायचं, थांबायचं, स्टार्टर गार होऊ द्यायचा, पुन्हा दहा. डॉक्टर असो, ठेकेदार असो, सुटका नाही. मालकानं मोजलं म्हणजे त्याला आयुष्यभर आठवतं, असं ते म्हणत. मला तर आठवतंच आहे.

एकदा एक टेम्पोवाला घाई करू लागला. "चाचा, जल्दी करो, फॅक्टरी का माल है."

"जल्दी है तो माल सर पे रख और दौड़," दादा म्हणाले. "गिन. एक."

"एक," टेम्पोवाला म्हणाला.

पण खरं नाव होतं त्यांच्या कानाचं. एक हातभर लांब स्क्रूड्रायव्हर त्यांनी राखून ठेवला होता. त्याचं टोक इंजिनाला टेकवायचं, लाकडी मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. त्या वेळी शेडमध्ये कुणी बोलायचं नाही. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर बंद. वरच्या भागातली टिकटिक म्हणजे झडपा दाबणारे टॅपेट, ते जुळवून घेता येतात. तळाकडून येणारा जड, खोल ठोका म्हणजे बेरिंग उपाशी आहे, पंप तेल देत नाही. तशी गाडी ते एक फूटही हलवू देत नसत. बोईसरपासून मनोरपर्यंतचे मेकॅनिक शंका आली की गाडी त्यांच्याकडे पाठवत, नुसती ऐकायला.

साडेतीनेक वर्षांपूर्वी एकदा तेल बदलायला गेलो होतो. दादांनी एका गाडीला स्क्रूड्रायव्हर लावला, डोळे मिटले, आणि मग तो माझ्या हातात दिला. "लावा. काय ऐकता सांगा."

"मला काय कळणार?"

"आकडे कळतात, आवाज काय लांबचा हाय?"

मी लावला. आधी नुसता गोंगाट. मग हळूहळू त्यात थर दिसू लागले. मी म्हटलं, वरून बारीक टिकटिक येते, खाली गुळगुळीत आहे. दादा माझ्या तोंडाकडे एकटक बघत होते. त्यांनी मान डोलावली. "बरोबर."

मला किती आनंद झाला हे आज सांगायला संकोच वाटतो. पन्नाशीला आलेला माणूस, घरी येऊन बायकोला सांगितलं की दादा मला शिकवतायत. त्यानंतर दर शनिवारी दुपारी मी जाऊ लागलो. कुठलीही संशयाची गाडी असली की ते शनिवारी यायला सांगत, आधी स्वतः ऐकत, मग मला देत. तीन जागा ठरलेल्या होत्या. वर झाकणावर, बाजूला, आणि सगळ्यांत शेवटी खाली, गाडीखाली आडवं होऊन, चेंबरवर. मी सांगायचो, ते म्हणायचे, "बरोबर." दोन वर्षांत मी एकदाही चुकलो नाही. मला वाटायचं, मला कान आहे.

ते असं का करत असतील, असा प्रश्न मला कधी पडला नाही.

गेल्या वर्षी वैशाखात एका शनिवारी मी गॅरेजवर थांबलो तो फक्त पाच मिनिटांसाठी. पालघरला साखरपुडा होता. अंगात पांढरा झब्बा. मासवणचा लहानू त्याची जुनी डिझेल जीप घेऊन आला होता. तो मासवण, मनोर, पालघर अशी माणसं वाहतो, घर त्यावर चालतं. जीपच्या डॅशबोर्डवर तेलाचा काटा होता, पण तो मोडून कितीतरी वर्षं झाली होती.

"दादा, आवाज येतो थोडा," लहानू म्हणाला. "पण उद्या आठ-नऊ माणसं आणायची हायत मनोरवरनं. लग्नाची. नाय बोलता येत नाय."

दादांनी स्क्रूड्रायव्हर लावला. डोळे मिटले. मग मला दिला.

मी वर लावला. टिकटिक स्पष्ट होती. बाजूला लावला. तीच, जरा दबलेली. आता खाली. खाली म्हणजे काळ्या तेलकट मातीवर आडवं व्हायचं. मी झब्ब्याकडे बघितलं. दादा तेवढ्यात पाना आणायला शेडमागे गेले होते आणि लहानू सीटवर बसून इंजिन चालू ठेवत होता. माझ्या नोकरीत मी प्रत्येक नमुना तीनदा तोलतो. दोनदा तोलून तिसरा आकडा अंदाजाने लिहिणारा एक सहकारी होता, त्याच्याशी मी वर्षभर बोललो नव्हतो.

"वरचा आहे. टॅपेट," दादा परत आल्यावर मी म्हणालो.

दादांनी माझ्या तोंडाकडे बघत विचारलं, "खाली लावून बघितलं?"

"बघितलं."

मी मनात म्हटलं, त्यांनी स्वतः ऐकलंच आहे. माझी तर नुसती परीक्षा आहे. विद्यार्थ्याने एक गणित न सोडवता उत्तर सांगितलं, एवढंच.

दादांनी टॅपेट जुळवले. आवाज कमी झाला. लहानूला म्हणाले, "उद्याची फेरी मार. सोमवारी आण, प्रेशरचं गेज लावून बघू. नीट समाधान नाय माझं." मी साखरपुड्याला गेलो.

रविवारी दुपारी मनोरहून परतताना जीपचं इंजिन जाम झालं. माणसं उतरून चालत गेली, कुणाला इजा झाली नाही. सोमवारी लहानूने ती दुसऱ्या गाडीला बांधून उमरोळीला आणली. मी संध्याकाळी कामावरून थेट तिथे गेलो. चेंबर उतरवलेला होता. पंपाच्या चकत्या इतक्या झिजल्या होत्या की मोजायची गरज नव्हती. एक बेरिंग क्रँकला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याला, चिकटून फिरलं होतं. दादा गुडघ्यांवर बसून ते सगळं फडक्यावर ओळीने मांडत होते.

लहानू ते एकेक बघत गेला.  दादांनी मान वर केली तेव्हा म्हणाला, "दादा, तुमी तर ऐकलं व्हतं."

दादांनी आधी लहानूकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझ्याकडे ते थोडा वेळ बघत राहिले, रागाने नाही. मग म्हणाले, "माझा कान चुकला, लहानू."

मी तिथे दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. वाकून फडक्याची दुमडलेली कड सरळ केली.

त्या इंजिनावर त्यांनी अकरा दिवस काम केलं. दुसरी कुठलीही गाडी शेडमध्ये घेतली नाही. क्रँक मुंबईला पाठवून घासून आणला. बाराव्या दिवशी लहानूला समोर उभं करून आकडे मोजायला लावले, काटा नवा बसवला, आणि लहानू जीप घेऊन गेला. तेराव्या दिवशी मी गेलो तर शेडला कुलूप होतं. पंक्चरवाला म्हणाला, "दादा बोलले, आता नाय जमत."

मला वाटलं, चार दिवसांत येतील. महिना झाला. मग एका रविवारी पालघरच्या बाजारात वहिनींकडे मासळी घ्यायला गेलो.

"कधी उघडणार गॅरेज?" मी विचारलं.

"आता कशाला उघडतील?" त्या पापलेट कापत म्हणाल्या. "कानानं ऐकू येत नाय त्यांना."

"कधीपासून?"

त्यांनी सुरी थांबवली. "चार वर्षं झाली, सायेब. बोटीवर गेले ते कान. आधी उजवा गेला, मग डावा. डॉक्टरनं मशीन दिलं, त्यात नुसती खरखर येते बोलतात. तोंड बघून कळतं त्यांना थोडंफार. तुमी एवढे येत व्हता, तुमी नाय वळखलं?" आणि मग, अगदी सहज, "ते बोलायचे ना, माझा कान आता दशांशसायेब हाय. माणूस एकोणिसाचं वीस करत नाय, त्याचा भरवसा हाय मला."

मी पिशवी घेतली आणि गाडीत येऊन बसलो.  ते दर वेळी माझ्या तोंडाकडे का बघत होते, ते तेव्हा कळलं. मला शिकवत नव्हते. मला ऐकू येणारं तेवढंच त्यांना ऐकू येत होतं. स्क्रूड्रायव्हर आधी स्वतःच्या कानाला लावत होते ते लोकांसाठी. दोन वर्षं त्यांनी कितीतरी गाड्या माझ्या शब्दावर सोडल्या आणि त्यांतली एकही बिघडली नाही. उसना कान चालतो, असं त्यांना वाटू लागलं असणार. मग लहानूचं इंजिन गेलं. त्यांनी धडा घेतला की खालचा ठोका दुसऱ्याच्या कानाने कळत नाही, आपला धंदा संपला. तो धडा खोटा होता. खाली कुणी ऐकलंच नव्हतं. हे त्यांना कळलं असतं तर ते मला शिव्या देऊन हाकलून देते, दुसरा कुणी भरवशाचा बघते, आणि शेड उघडी राहती. हे सांगायचं म्हणजे एक वाक्य होतं.

ते वाक्य मनात धरून मी दिवाळीनंतर सातपाटीला गेलो. खाडीच्या काठाला बांबूंना बांधलेल्या आडव्या दोऱ्यांवर बोंबील वाळत होते. दादा एका टोकापासून ते उलटे करत येत होते. फार बारीक झाले होते. हात मी पहिल्यांदाच इतके स्वच्छ बघितले, नखांतसुद्धा काळं नव्हतं. मला बघून हसले, दोन पालथ्या टोपल्या ओढल्या, एकीवर मला बसवलं.

"वहिनी कशा आहेत" वगैरे झालं. त्यातलं निम्मं त्यांना कळलं, निम्म्याला त्यांनी मान हलवली. काठाला एक बोट इंजिन सुरू करत होती, माझे कान बसले होते, पण त्यांनी तिकडे वळूनही बघितलं नाही.

मी म्हणालो, "दादा, त्या दिवशी लहानूच्या जीपला मी खाली स्क्रूड्रायव्हर लावलाच नव्हता. मी खोटं बोललो. तुमचा काही दोष नव्हता."

हे मी खाली, टोपलीच्या कडेकडे बघत बोललो होतो. उत्तर आलं नाही म्हणून वर बघितलं. दादा कानाशी हात धरून पुढे वाकले होते.

"काय बोललात? तोंड वर करून बोला, दशांशसायेब. मला दिसलं नाय."

बोट निघून गेली होती. आजूबाजूला कुणी नव्हतं. ते माझ्या ओठांकडे बघत होते, तसेच, पूर्ण भरवशाने.

"म्हटलं, गाडी चांगली चालते माझी," मी सावकाश, स्पष्ट उच्चारत म्हणालो.

त्यांचा चेहरा उजळला. "चालणारच. कोणी केलीय?" असं म्हणून त्यांनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली, उठले, आणि राहिलेले बोंबील उलटे करायला गेले. ऊन पाठीवर होतं. दोरीच्या शेवटापर्यंत ते गेले, मग पलीकडची दुसरी दोरी सुरू केली, आणि मी रस्त्यावर पोचेपर्यंत ते एकेक बोंबील उचलून उलटा करत होते.